‘ते संत होते’ : मराठीचा तास आणि ‘बायल्या’ हा शब्द

(अँटॉप हिल इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

पत्रिकेवर माझा विषय ‘मराठी साहित्य आणि लिंगभाव’ असा छापलाय. तो बरोबरच आहे, पण जरा इस्त्री केलेला आहे. मला बोलायचंय ते एका शिवीबद्दल. ती शिवी वर्गात कुठून येते, आणि आपलं साहित्य, नाटक, सिनेमा तिला उत्तर देतात की दाणागोटा पुरवतात, एवढंच.

मी इथेच, अँटॉप हिलला, २६ वर्षं मराठी शिकवलं. हे भाषण नंतर वाचणारे बाहेरचेही असतील, त्यांच्यासाठी सांगतो. इथे एका बाजूला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, सेक्टरवार पसरलेली. दुसरीकडे कोकरी आगार, संगमनगर. पलीकडे सायन कोळीवाडा. त्यामुळे एका बाकावर कोकणातला, त्याच्या शेजारी तमिळ घरातला, मागे जौनपूरचा, अशी बसायची पद्धत. मराठीच्या शिक्षकाला याचा त्रास होत असेल असं लोकांना वाटतं. माझा फायदाच झाला. शिव्यांचा तौलनिक अभ्यास आयताच झाला. (हशा)

नववीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा. त्याचं नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असंही काही सांगणार नाही. वाचन फार चांगलं करायचा. मी धडा नेहमी त्यालाच वाचायला सांगायचो. बोलताना हात हलायचे, चालणं जरा नाजूक. पोरं त्याला ‘छक्का’ म्हणायची. तमिळ घरातली पोरं म्हणायची ‘ओंबदु’. मी एकाला अर्थ विचारला, तर म्हणाला, “सर, नऊ.” हिंदीत सहा, तमिळमध्ये नऊ. माणसाला आकडा करून टाकायचा, म्हणजे त्याचं पुढे काही ऐकावं लागत नाही. मराठीत आकडा नाही, मराठीत सरळ ‘बायल्या’.

तर मी एक दिवस वर्गात उभा राहून हुकूम काढला. हे शब्द माझ्या तासाला बंद. कोणी उच्चारला तर तास संपेपर्यंत बाहेर. दोन दिवस शांतता. मला वाटलं, जमलं. तिसऱ्या दिवशी तो मुलगा वाचायला उठला, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “षटकार!”

(हशा)

बघा. तुम्हीही हसलात. मीही हसलो होतो. मराठीचे सर ना, म्हणून पोरांनी शुद्ध मराठी वापरलं. विनोद चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. माझ्या तोंडावर अर्धा सेकंद हसू आलं असेल. ते त्या मुलाने पाहिलं. त्याने पुस्तक मिटलं आणि खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने वाचायला हात वर केला नाही. मी नाव घेतलं तर “घसा बसलाय सर” म्हणायचा. नववीनंतर तो शाळा सोडून गेला. मी त्याच्याशी त्या हसण्याबद्दल कधीच बोललो नाही. आज जे सांगणार आहे, त्याच्या मुळाशी हे आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

आता शब्दाकडे येऊ. ‘बायल्या’. जुन्या मराठीत ‘बाईल’ म्हणजे बायको, कोकणीत ‘बायल’ आजही चालतं. या शिवीच्या पोटात दुसरं काहीच नाही, फक्त बाई आहे. म्हणजे मुलाला शिवी द्यायची तर त्याला मुलगी म्हणायचं, आणि वर्गातल्या ३० मुलींनी ते ऐकून घ्यायचं, आपल्याला काही म्हटलेलंच नाही अशा चेहऱ्याने. हे फक्त मुलांचं नाही. अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देणारे मोर्चे आपण पाहिलेत, कधीकधी त्यात पुढे बायकाच असतात. आणि आम्ही शिक्षक? “मुलीसारखा रडतोस काय?” हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललो असेन, मोजदाद नाही. समलिंगी माणसाबद्दलचा तिरस्कार पोरं सिनेमातून शिकतात असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. पहिला धडा आम्हीच देत होतो, पी.टी.च्या तासाला आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीत.

षटकारानंतर मी हुकूम काढणं सोडलं. बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्या एका वर्गात, कोणी तरी कोणाला “मुलीसारखा करतो” म्हणाला. मी म्हटलं, ये, फळ्यावर लिही. मुलीसारखं म्हणजे काय काय? त्याने लिहिलं. हळू बोलणं. रडणं. अक्षर चांगलं असणं. नाचणं. मारामारी न करणं. पुढे त्याला सुचेना. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, माझा आवाज वर्गात सगळ्यात मोठा आहे आणि अक्षर सगळ्यात घाण. मग मी कोण?” वर्ग हसला, पण ते हसणं वेगळं होतं. त्या तासाला मी पुढे काही बोललो नाही, धडाच शिकवला. भाषण ठोकलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

जाता जाता एक निरीक्षण. मुलावर हा पहारा फार लवकर बसतो, पहिली-दुसरीतच. मुलीवर उशिरा. पाचवीतली मुलगी मुलांत क्रिकेट खेळते तेव्हा घरचे कौतुकाने सांगतात, “आमची पोरगी म्हणजे मुलगाच.” तीच आठवीत गेली की “आता मोठी झालीस.” कौतुक मागे घेतलं जातं, आणि ते का घेतलं हे तिला कोणी सांगत नाही.

बरं. आता साहित्य. मला कोणी विचारतं की, या विषयावर पाठ्यपुस्तकात काय आहे? काहीच नाही, असं उत्तर लोकांना अपेक्षित असतं. माझं म्हणणं उलट आहे. भरपूर आहे, आपण ते बघत नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या घ्या. पुरुष कवी, विरहिणीच्या तोंडून बोलतो. एकनाथांच्या गौळणी घ्या. बोलणारी गवळण, लिहिणारा एकनाथ. आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर पोरांच्या रोजच्या तोंडात आहे. आपण ज्ञानेश्वरांना काय म्हणतो? माउली. आळंदीचा हा तरुण पुरुष, आणि त्याला महाराष्ट्र आई म्हणतो. विठोबाला विठाई म्हणतो. तो विठोबा जनाबाईच्या जात्यावर बसून दळण दळतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. वारीत पुरुष एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि पायावर डोकं ठेवतात. तिथे कोणाला ‘बायल्या’ आठवत नाही.

हे मी वर्गात बोललो. फार काही नाही, एवढंच विचारलं की, ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो तर शेजारच्याला ‘बायकी’ म्हणताना हसू का येतं? दोन दिवसांनी एक पालक भेटायला आले. सभ्य गृहस्थ, ऑफिसातून थेट आलेले, हातात डबा. म्हणाले, “सर, तुम्ही मुलांना हे काय सांगताय?” मी त्यांना माउलीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “सर, ते संत होते. हा माझा पोरगा आहे.”

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण सुचलेलं नाही. पण त्या वाक्याने मला मराठी संस्कृतीतला एक मोठा व्यवहार दिसला. आपण परवाना देतो. संताला देतो, नटाला देतो. पोराला देत नाही. आणि तो परवाना कोणत्या अटीवर देतो, हे बघायचं असेल तर रंगभूमीकडे जावं लागतं.

पहिलं उदाहरण बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस, १८८८ ते १९६७. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांच्या साडीची, दागिन्यांची, केसांत गजरा माळण्याची नक्कल घरंदाज बायका करत. १९६४ साली पद्मभूषण. म्हणजे बाईपण कसं असावं, हे एका पिढीच्या बायकांनी एका पुरुषाकडून पाहून घेतलं! आणि महाराष्ट्राने त्याची पूजा केली. अट काय? पडदा. पडदा पडला की नारायणराव.

दुसरं उदाहरण अत्र्यांचं. आपल्या इथे मोनोरेलचं अँटॉप हिलपुढचं स्टेशनच आचार्य अत्रे नगर आहे, तेव्हा त्यांना टाळून जाता येणार नाही. (हशा) ‘मोरूची मावशी’. ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी फार्सवर बेतलेलं. विजय चव्हाणांनी ती मावशी अशी काही रंगवली की लोक पोट धरून हसले, मीही हसलो. हे नाटक बंद करा वगैरे मी म्हणणार नाही. पण हसू कशाला येतं ते बघा. साडीच्या खाली पुरुष आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि तो बाई होण्यात सारखा चुकतो. तो चुकतो म्हणून आपण निर्धास्त असतो. चुकला नसता तर? बालगंधर्व चुकत नव्हते, म्हणून तिथे हसू नव्हतं, भक्ती होती. मधली जागा, म्हणजे ना भक्ती ना हसू, नुसतं असणं, ती आपल्याकडे कुठे आहे?

तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. ‘नटरंग’. आनंद यादवांची कादंबरी १९७८ ची. रवी जाधवांचा सिनेमा जानेवारी २०१० चा, अतुल कुलकर्णी गुणा कागलकर. पहिलवान गडी, तमाशाचं वेड, राजाचं काम करायचं स्वप्न. पण फडाला नाच्या मिळत नाही, म्हणून हाच नाच्या होतो. मग जग त्याच्याशी कसं वागतं, घरचे कसे वागतात, अंगावर हात कसा टाकला जातो, हे सिनेमा न कचरता दाखवतो. लालबाग-परळच्या थिएटरांत शिट्ट्या वाजवायला आलेल्या प्रेक्षकाला त्याने रडवलं असेल, तर ती लहान गोष्ट नाही. हे श्रेय मी पूर्ण देतो.

भांडण इथे आहे. सिनेमा आपल्याला सारखी आठवण देतो की गुणा ‘खरा’ मर्द आहे. त्याचं शरीर दाखवतो, कुस्ती दाखवतो, बायको-पोर दाखवतो. कलेसाठी त्याने हे सोसलं. आपण रडतो ते एका मर्दावर अन्याय झाला म्हणून. समजा गुणा खरोखरच तसा असता, जसं गावाने त्याला म्हटलं, तर? पहिलवान नसता, जन्मापासून नाजूक असता, त्याला पुरुषच आवडत असते, तर आपले अश्रू तेवढेच आले असते का? सिनेमाने हा प्रश्न विचारला नाही. ज्याच्यावर आरोप खोटा आहे त्याच्या बाजूने उभं राहणं सोपं असतं. माझ्या वर्गातला तो मुलगा पहिलवान नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मग मराठीत थेट लिहिलेलं काही नाही का? आहे. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’, १९८१. विनय आपट्यांचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. मित्रा म्हणजे सुमित्रा. स्वातंत्र्यापूर्वीचं पुण्यातलं कॉलेज. गंमत पाहा, तिथेही नाटकच आहे. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाचं काम करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. रंगमंचावर परवाना, खाली उतरल्यावर बदनामी. तेंडुलकरांनी नेमकी जागा पकडली.

पण मला त्या नाटकात मित्रापेक्षा बापू जास्त छळतो. बापू हा तिचा मित्र, तोच आपल्याला गोष्ट सांगतो. वाईट माणूस नाही. तिचं ऐकतो, आपली खोली देतो, तिच्यापायी त्रासही सोसतो. आणि शेवटी दमून दूर होतो. मित्रा जीव देते. गोष्ट सांगायला बापू उरतो, हळहळत. १९८१ साली हे रंगमंचावर आणणं धाडसाचं होतं, यात शंका नाही. तरी मित्राला तिच्या स्वतःच्या शब्दांत आपण फार थोडं ऐकतो, जे दिसतं ते बापूच्या खिडकीतून. काही समीक्षक याला नाटकाची मर्यादा म्हणतील. मला मात्र त्या खिडकीतच आमचा शिक्षकवर्ग उभा दिसतो. सहानुभूती आहे, हळहळ आहे, आणि वेळेला घसा बसतो.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, २००६, ही त्याच्या पुढची पायरी. तिथे तनय स्वतः बोलतो, बापूच्या मध्यस्थीशिवाय. त्याला दुःख आहे, पण ते कोणीतरी सोडून गेल्याचं, जे अनुजाला, त्याच्या बहिणीलाही आहे, त्याच माणसामुळे. प्रेमभंग तो प्रेमभंग. नववीच्या वर्गात ती वाचायला देता येणार नाही, कबूल. स्टाफरूममध्ये द्यायला हरकत नसावी.

आता नाटक-सिनेमातून खऱ्या वर्गात येऊ. कारण हा विषय निघाला की शिक्षक हळूच म्हणतात, “सर, आम्ही बोललो तर आमच्याबद्दलच संशय घेतील.” ही भीती पोकळ नाही. रामचंद्र सिरास हे मराठीचे प्राध्यापक. नागपूरकडचे, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरे घेऊन लोक घुसले. दुसऱ्या दिवशी निलंबन कोणाचं? घुसणाऱ्यांचं नाही, सिरासांचं. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला ते खोलीत मृतावस्थेत सापडले. निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्यावर हिंदीत सिनेमा निघाला, ‘अलीगढ’. त्यात मनोज वाजपेयींचे सिरास त्या एवढ्याशा इंग्रजी शब्दावरच नाराज दिसतात, एका शब्दात आपली भावना कशी मावेल म्हणून. मराठीच्या प्राध्यापकाची ती नाराजी मला फार जवळची वाटते. आणि हेही बोचतं की आपल्या मराठीच्या शिक्षकाची गोष्ट हिंदी सिनेमाने सांगितली. मराठी विभागांनी त्यांच्या कवितांवर किती चर्चासत्रं घेतली, हे तुम्हीच आठवून बघा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण पालकांसमोर त्याचा उपयोग होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेल्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ घेतला, पण तो कॉलेजांसाठी. शाळेसाठी शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलम आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी. तो कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणजे नववी-दहावीचं पोर त्यातून निसटतं! आणि २०२१ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. तक्रार झाली आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून काढून टाकली. शिक्षकाला ‘तू बोल’ म्हणायचं आणि हातातला कागद काढून घ्यायचा, असा हा प्रकार.

मग शिक्षकाने काय करायचं? मला नियमावली देता येत नाही. एक गोष्ट मात्र नक्की सांगतो, ओळखायला जाऊ नका. नाजूक चालणारा प्रत्येक मुलगा समलिंगी नसतो, आणि समलिंगी मुलगा वर्गातला कॅप्टनही असू शकतो, जो सगळ्यात मोठ्याने ‘छक्का’ ओरडतो. एकदा एक तरुण सहकारी काळजीने विचारत आल्या, “सर, त्या मुलाशी बोलू का, तो तसा असेल तर?” मी म्हटलं, बाई, तो कसा आहे हे तुम्हाला कळायची काही गरज नाही. त्याला वाचायला उठता येतंय का एवढं बघा. बोलायचं असेल तर मागच्या बाकाशी बोला. आम्ही नेहमी ज्याला त्रास होतो त्याला बाजूला घेऊन ‘जरा नीट चाल’ असा सल्ला देतो. मी दिलाय. तो सल्ला म्हणजे पोरांच्या शिवीवर शाळेचा शिक्का.

आणि त्या पालकांचं वाक्य. ‘ते संत होते, हा माझा पोरगा आहे.’ पुढे कधीतरी मला सुचलं की, त्यांना विचारायला हवं होतं, माउली म्हणून ज्यांच्या पायावर डोकं ठेवतो त्यांनासुद्धा त्यांच्या काळात संन्याशाची पोरं म्हणून वाळीतच टाकलं होतं ना? संत ते नंतर झाले. पण हे तेव्हा सुचलं नाही. त्यांचा मुलगा वर्गात माझ्याकडे बघायचं टाळायला लागला, म्हणजे घरी काही बोलणं झालं असणार. तो वाचायचा मात्र. दर वेळी हात वर करायचा. त्याचं मला अजून नीट कोडं उलगडलेलं नाही.

वेळ झालीय, अध्यक्ष घड्याळ बघतायत. तिसऱ्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. माईक त्यांच्याकडे द्या. बोला ताई.